१५० आसनांच्या व्याख्यानकक्षाचे नूतनीकरण : आधी खर्च कशावर करावा?

प्रश्न : अर्थशास्त्र शिक्षिका, कॉलेज रोड

नमस्कार. नाशिकमधील एका अनुदानित महाविद्यालयात मी पदवीच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवते. आमच्याकडील सर्वांत मोठ्या व्याख्यानकक्षाचे काम यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत करायचे ठरले असून खरेदी समितीवर माझी नेमणूक झाली आहे. कक्ष १५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि साडेचार मीटर उंच आहे. जमीन सपाट आणि शहाबादी फरशीची, भिंती सिमेंटच्या गिलाव्याच्या, बाक लांब व लाकडी, आणि पश्चिमेला पाच मोठ्या खिडक्या. प्रोजेक्टर ३००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश मोजण्याचे एकक), पडदा ६ फूट बाय ४ फुटांचा आणि व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना एकेक मोठा स्पीकर अशी सध्याची व्यवस्था आहे.

गेल्या महिन्यात मी मुद्दाम शेवटच्या बाकावर बसून एका सहकाऱ्याचे पूर्ण व्याख्यान ऐकले. वर्ग निम्मा भरलेला होता आणि माइक चालू होता, तरीही ‘बचत’ हा शब्द मला केवळ संदर्भावरून कळला. आवाज भरपूर येत होता, शब्द मात्र एकमेकांत मिसळत होते. पडद्यावरील मागणी-पुरवठ्याच्या आलेखातील दोन रेषा दिसत होत्या, पण अक्षांवरचे आकडे दिसत नव्हते. माझ्या शेजारच्या विद्यार्थ्याने पुढे बसलेल्या मैत्रिणीकडून पडद्याचे छायाचित्र मोबाइलवर मागवले आणि त्यावरून आकडे वहीत उतरवले. हे तो रोज करतो, असे त्याने सहज सांगितले, आणि ते ऐकल्यापासून मी अस्वस्थ आहे.

समितीचा कल ७५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनेल (स्पर्शाने चालणारा मोठा डिजिटल फळा) आणि गादीच्या खुर्च्या घेण्याकडे आहे. निधी मर्यादित असल्याने दोन्ही उत्तम प्रतीचे मिळणार नाही. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे, की आधी खर्च कशावर करावा?

उत्तर १ : ध्वनिसंयोजक, पंचवटी

मॅडम, आपण शेवटच्या बाकावर जाऊन बसलात, त्यामुळे दोषाचे निदान निम्मे झालेलेच आहे. ‘आवाज येतो पण शब्द कळत नाही’ हे कक्ष घुमत असल्याचे लक्षण आहे. अशा जागी आवाज वाढवला की घुमणेही तेवढेच वाढते. गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेत वक्ता उघड्यावर बोलतो, तेव्हा वर आकाश असल्यामुळे उच्चारलेला शब्द वरून परत येत नाही. आपल्या कक्षात मात्र फरशी, गिलावा आणि स्लॅब हे तिन्ही कठीण पृष्ठभाग तोच शब्द पुन्हा पुन्हा परत पाठवतात आणि मागच्या शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते.

या विषयाचे शास्त्रच मुळी एका व्याख्यानकक्षातून जन्मले. १८९५ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कला संग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह सुरू झाले आणि तेथे वक्त्याचा शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहतो, असे आढळले. वॉलेस सबाइन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने शेजारच्या सँडर्स थिएटरमधील आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि आवाज विरायला लागणारा वेळ प्रत्येक वेळी मोजला. जितक्या जास्त गाद्या, तितके घुमणे कमी. त्यातून आजही वापरात असलेले सूत्र आले : कक्षाचे घनफळ घनमीटरमध्ये घ्यावे, ०.१६१ ने गुणावे आणि एकूण ध्वनिशोषणाने भागावे, म्हणजे घुमण्याचा काळ सेकंदांत मिळतो.

आपल्या मापांवरून घनफळ ६७५ घनमीटर येते. कठीण पृष्ठभाग आणि लाकडी बाक धरून रिकाम्या कक्षाचे शोषण माझ्या अंदाजाने २६ चौरस मीटरच्या आसपास (म्हणजे आवाज पूर्ण शोषून घेणाऱ्या तेवढ्या पृष्ठभागाइतके) असेल, म्हणजे घुमण्याचा काळ ४ सेकंदांहून थोडा अधिक. एक माणूस साधारण ०.४५ चौरस मीटर शोषण करतो. त्यामुळे १५० जण बसले की काळ सव्वा सेकंदाच्या खाली येतो, आणि ६० जण बसले तर दोन सेकंदांवर राहतो. उद्घाटनाच्या दिवशी खचाखच भरलेला कक्ष चांगला वाटतो आणि एरवीच्या तासाला तोच कक्ष बिघडतो, त्याचे कारण हे आहे. व्याख्यानासाठी हा काळ एका सेकंदाच्या आत हवा. मागच्या भिंतीवर आणि छताच्या मागच्या भागावर मिळून ८० चौरस मीटर ध्वनिशोषक पॅनेल (५० मिलिमीटर जाडीचे रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेल्या तंतूंचा थर, आणि त्यावर आरपार हवा जाईल असे कापड) लावले, तर निम्म्या भरलेल्या वर्गातही काळ ०.९ सेकंदांच्या जवळपास येईल. थर्माकोल किंवा अंड्यांचे ट्रे लावण्याचा सल्ला कोणी दिला तर कृपया मानू नका. त्यांनी माणसाच्या आवाजाच्या पट्ट्यात उपयोग होईल इतके शोषण होत नाही.

यानंतर स्पीकरचा विचार करावा. समोरचे दोन मोठे स्पीकर काढून त्यांच्या जागी उभे, सडपातळ कॉलम स्पीकर लावावेत, आणि साधारण आठ मीटरवर दोन्ही भिंतींना एकेक छोटा स्पीकर द्यावा. ध्वनीला आठ मीटर जायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. मधल्या स्पीकरना त्याहून थोडा जास्त, म्हणजे ३० ते ३५ मिलिसेकंदांचा विलंब दिला, की मागच्या विद्यार्थ्याला आवाज शिक्षकाच्या दिशेनेच आल्यासारखा वाटतो आणि पुढच्या बाकावर कान फाटत नाहीत. माइक कोणत्याही स्पीकरच्या समोर येऊ देऊ नका, म्हणजे शिट्टी वाजणार नाही.

उत्तर २ : संगणक विभाग, सिडको

वरील उत्तराशी मी सहमत आहे. पडद्याबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण आमच्या संस्थेत हीच चूक झाली आणि पुढची अनेक वर्षे विद्यार्थ्यांनी ती भोगली.

शेवटचा विद्यार्थी चित्राच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब बसू नये, हा ढोबळ पण खात्रीचा नियम आहे. ७५ इंची पॅनेलची उंची सुमारे ९३ सेंटिमीटर, म्हणजे ते साडेपाच मीटरपर्यंत उपयोगी. आपला सध्याचा पडदा १.२ मीटर उंच, म्हणजे सव्वासात मीटरपर्यंत. शेवटची रांग १४ मीटरवर असेल तर चित्राची उंची २.३ मीटर लागेल आणि १६:१० प्रमाणात रुंदी ३.७ मीटर येईल. पॅनेल कितीही देखणे असले तरी आपल्या कक्षाच्या निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना ते दुरूनच दिसणार आहे. तो निधी पडद्याकडे वळवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

एवढ्या पडद्यावर ३००० ल्युमेनचा प्रकाश पसरला तर सुमारे ३५० लक्स (लक्स म्हणजे एक चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन) मिळतील. दुपारी तीन वाजता प्रोजेक्टर बंद ठेवून मोबाइलच्या ॲपने पडद्याजवळचा उजेड मोजून पाहा. पश्चिमेच्या खिडक्यांमुळे तो २०० लक्स भरला, तर अक्षरे धुवून गेल्यासारखी दिसणार. ५००० ल्युमेनचा लेझर प्रोजेक्टर आणि खिडक्यांना जाड पडदे ही दोन्ही कामे एकत्रच करावी लागतील. दिवा बदलावा लागणाऱ्या प्रोजेक्टरचा दिवा काही हजार तासांत संपतो, तर लेझरचा प्रकाशस्रोत साधारण २०,००० तास चालतो, आणि नवा दिवा मागवायला महिनोन् महिने लागणाऱ्या आपल्या संस्थांमध्ये हा फरक फार मोठा आहे.

आणखी दोन गोष्टी दरपत्रक मागवण्याआधी पाहा. पहिली, पडद्याजवळच्या ट्यूबलाइटना स्वतंत्र बटण हवे. आमच्याकडे सगळ्या ट्यूब एकाच बटणावर होत्या, त्यामुळे पडदा दिसावा म्हणून त्या बंद केल्या की वही दिसेनाशी होई. दुसरी, पंखे. प्रोजेक्टर टांगून झाल्यावर आमच्या लक्षात आले, की पंख्याची पाती प्रकाशझोतात येतात. एप्रिलच्या उन्हाळ्यात पंखा बंद ठेवता येईना, म्हणून शेवटी प्रोजेक्टरच खाली घ्यावा लागला.

उत्तर ३ : डावखुरी, तृतीय वर्ष, नाशिक रोड

मॅडम, मी विद्यार्थिनी आहे आणि खुर्च्यांविषयी लिहिण्याचे धाडस करते. लिहिण्याची फळी जोडलेल्या खुर्च्या घेणार असाल तर सर्वच फळ्या उजव्या हाताला घेऊ नका. साधारण दहा माणसांत एक डावखुरा असतो, म्हणजे आपल्या कक्षात पंधरा जण. आमच्या कक्षात तशी एकही खुर्ची नाही. तीन वर्षे मी कंबरेतून वळून लिहिते आहे आणि दोन तास सलग असले की पाठ व मनगट दोन्ही दुखतात. डाव्या फळीच्या खुर्च्या रांगांच्या डाव्या टोकाला ठेवाव्यात, म्हणजे शेजारच्याला कोपर लागत नाही. फळीवर ए-४ आकाराची वही पूर्ण मावायला हवी. आमच्या फळीवर ती मावत नाही.

माझा एक वर्गमित्र चाकाच्या खुर्चीवर येतो. त्याला नेहमी दाराजवळच्या मोकळ्या जागेत, सर्वांपासून वेगळे बसावे लागते. पुढच्या आणि मधल्या रांगेत दोन-दोन खुर्च्यांची जागा मोकळी सोडलीत तर त्याच्यासारख्यांना मित्रांबरोबर बसता येईल.

प्रश्नकर्तीचे पुन्हा : अर्थशास्त्र शिक्षिका, कॉलेज रोड

सर्वांचे मनापासून आभार. काल शिपाईमामांना बरोबर घेऊन रिकाम्या कक्षात टाळी वाजवून पाहिली. आवाज पूर्ण विरेपर्यंत तीन सेकंदांहून अधिक गेले. दुपारी तीन वाजता पडद्याजवळ २४० लक्स भरले. हे दोन्ही आकडे मी समितीपुढे ठेवणार आहे, आणि इंटरॅक्टिव्ह पॅनेलचा प्रस्ताव मागे घ्यावा असे लेखी सुचवणार आहे. डावखुऱ्यांचा मुद्दा इतकी वर्षे शिकवूनही माझ्या लक्षात आला नव्हता. पंधरा खुर्च्या आणि मोकळ्या चार जागा मागणीपत्रात मी आजच लिहिल्या.

दोन शंका उरल्या आहेत. सबाइन यांच्या प्रयोगाप्रमाणे गादीच्या खुर्च्याच घेतल्या तर ध्वनिशोषक पॅनेलचा खर्च वाचेल का? आणि सपाट जमिनीवर मागच्यांना पुढच्यांची डोकी आड येतात, त्यावर पायऱ्या न करता काही उपाय आहे का?

उत्तर ४ : ध्वनिसंयोजक, पंचवटी

गादीच्या खुर्च्यांचा मोठा गुण हा, की माणूस नसतानाही त्या जवळजवळ माणसाइतका आवाज शोषतात आणि वर्ग रिकामा असो वा भरलेला, कक्ष सारखाच ऐकू येतो. परंतु आपल्याकडे पावसाळ्यात दमट कापडाला बुरशी धरते, उन्हाळ्यात धूळ बसते आणि महाविद्यालयातील कापड पाच वर्षांत फाटते. रेक्झिनचे आवरण घातले तर ते टिकते, पण आवाज फारसा शोषत नाही. म्हणून माझा सल्ला : लाकडी किंवा मोल्डेड घडीच्या खुर्च्या घ्या, ज्यांच्या बैठकीच्या खालच्या बाजूला छिद्रे व आत शोषक थर असेल, आणि भिंतीवरची पॅनेले कायम ठेवा. घडी वर गेली की छिद्रांची बाजू उघडी पडते, म्हणजे रिकाम्या खुर्चीचाही थोडा उपयोग होतो.

डोक्यांसाठी प्रत्येक रांग पुढच्या रांगेपासून अर्ध्या खुर्चीने सरकवून बसवा, म्हणजे मागच्याची नजर पुढच्या दोघांच्या मधून जाते. पडद्याची खालची कड फरशीपासून किमान दीड मीटर वर ठेवा. खुर्च्या पक्क्या करण्याआधी खडूने जागा आखून, वीस-पंचवीस विद्यार्थ्यांना साध्या खुर्च्यांवर तसे बसवून पाहा. त्याला एक तास लागेल, आणि बोल्ट मारल्यानंतर ती संधी राहत नाही.