मी पंथात आणलेली चार घरं: आता जाऊन सांगू का?

खाडीकाठ
नऊ वर्षं एका महाराजांच्या पंथात होतो. नाव लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा नावावरच जाईल. गाव राजापूर तालुक्यातलं, खाडीला लागून. सुरुवातीला नामस्मरण, साफसफाई, वाईट काही नव्हतं. मग हळूहळू फर्मानं. शिमग्याला पालखी घरात घ्यायची नाही. मधुमेहाची औषधं घेणं म्हणजे श्रद्धेत खोट.

आई ओहोटीला कालवं काढायला गेली आणि तळपाय कापला. साखरेमुळे पाय बधिर, किती खोल गेलंय ते तिला कळलंच नाही. अंगारा मीच लावला, अकरा दिवस. बाराव्या दिवशी बोट काळं. रत्नागिरीला नेलं, दोन बोटं काढावी लागली. घरी येऊन फ्रीज उघडला तर दारात, आगळाच्या बाटलीमागे, डॉक्टरांनी गणपतीत लिहून दिलेलं इन्सुलिनचं पेन. खोकाही फोडलेला नव्हता. अंनिसवाल्यांशी मी तासन्‌तास भांडलोय, तसूभर हललो नव्हतो. त्या दिवशी फ्रीज उघडाच ठेवून खाली बसलो.

पंथात मी चार घरं आणली. त्यातल्या दोघांना साखर आहे. जाऊन सांगू, की गप्प राहू?

कातळावरचो
नऊ वर्सां तुका काय दिसूक नाय? गावान सांगितला तेव्हा गावच अज्ञानी. आता आवशीचो पाय गेल्यावर शानपण. राग येता म्हणान लिवलंय. पण जा, सांग.

अलिबागची सून
दादा, आईंचं वाचून वाईट वाटलं. पण गावाचं एवढं कौतुक नको. आमच्या सासऱ्यांनी जमिनीच्या वादात गावकीचं ऐकलं नाही म्हणून त्यांना वाळीत टाकलं होतं. मयताला खांदा द्यायला भाऊबंद आले नाहीत. तेव्हा दारात उभी राहिली ती एका पंथाचीच माणसं. माझ्या दिराची दारू तिथेच सुटली. तुमच्या त्या चार घरांना काय मिळालंय ते आधी विचारा. नुसतं 'फसलात' म्हणून आलात तर मीही दार लावून घेईन.

कातळावरचो
वाळीत टाकणाऱ्यांक तुरुंगात धाडूचो कायदो आसा, २०१६ चो.

अलिबागची सून
आहे ना. पण तक्रार करून त्याच गावात राहायचं कोणी?

जुना_वकील
कायद्याचं निघालंच आहे तर. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत कुत्रा, साप, विंचू चावल्यावर उपचारांपासून रोखणं स्पष्ट लिहिलेलं आहे; शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. मधुमेहाचं तिथे तसं थेट नाही. पण चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ चा केंद्राचा कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेह आहे, आणि तोंडी केलेली घोषणाही त्यात जाहिरात धरली जाते. सत्संगात माइकवरून 'साखर बरी होते' सांगत असतील तर तारखेनिशी लिहून ठेवा. घरी जाऊन भावनिक बोलण्यापेक्षा हे कामाचं.

खाडीकाठ
वकीलसाहेब, माइकवर मीच होतो. दोन वेळा.

जुना_वकील
मग आधी प्रत्यक्ष वकील गाठा. इथे आणखी लिहू नका.

मास्तरीण
त्यांना गप्प करू नका हो. अमेरिकेत १९५४ साली एक गट २१ डिसेंबरला महापूर येणार म्हणून बसला होता. काहींनी नोकऱ्या सोडल्या होत्या. पूर आला नाही, तर त्यांच्यातले काहीजण उलट जोरात प्रचाराला लागले, असं त्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी लिहिलंय; त्यावर आता शंकाही घेतात. जेवढं घालवलंय तेवढं सोडणं कठीण. या चार घरांनी पालखी सोडली, भावकी सोडली. त्यांच्यापुढे वाद घालून काही होणार नाही. अंगाऱ्याचं सांगा. स्वतःचं.

अलिबागची सून
हे पटलं. आणि आईंना नेऊ नका प्रदर्शनाला.

कातळावरचो
माका नाय पटला. मऊ बोलून नऊ वर्सां गेली. दोघांक साखर आसा, उद्याच जा, पायात पडान सांग, पण सांग.

खाडीकाठ
आईला विचारलं. म्हणाली, मी येतेय, मला कोण प्रदर्शनाला नेतंय, माझी मी जाते. चौघांपैकी एक तिची मावसबहीण आहे, तिलाच इंजेक्शन आहे. रविवारी भरती सकाळी आहे, होडीने पलीकडे जातोय. ग्लुकोमीटर घेतलाय सोबत, मावशी बोट पुढे करेल की नाही माहीत नाही.