दुखणं मैदानाचं आहे

लंडनमधल्या लहान फुटबॉल क्लबांना प्रेक्षक का मिळत नाहीत, यावर 'शेजारी आर्सेनल-चेल्सीसारखे बडे क्लब असल्यावर लहान क्लबकडे कोण फिरकणार, उरलंसुरलं टीव्हीनं खाल्लं' असं दोघातिघांनी लिहिलंय. मला अर्धंच पटलं. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच सामने टीव्हीवर थेट दाखवतच नाहीत, तेही खालच्या डिव्हिजनमधल्या क्लबांचं गेट (मैदानावरची गर्दी आणि तिकिटांचे पैसे) बुडू नये म्हणून. (मोठे सामने आता शुक्रवार ते सोमवार पसरलेत, ती पळवाट आहेच म्हणा.)

माझ्या मते लहान क्लबची खरी वाट लागते ती हक्काचं मैदान गेल्यावर. लंडनच्या विम्बल्डन फुटबॉल क्लबचंच बघा. १९८८ साली लिव्हरपूलला हरवून एफए कप ही इंग्लंडची मानाची बाद फेरीची स्पर्धा जिंकलेला क्लब. १९९१मध्ये प्लाव लेन हे आपलं मैदान सोडून सेलहर्स्ट पार्कला क्रिस्टल पॅलेस या दुसऱ्या क्लबचा भाडेकरू झाला, आणि १९९३च्या जानेवारीत एव्हर्टनविरुद्ध, तेही प्रीमियर लीग या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, माणसं आली ३,०३९! २००२मध्ये तर क्लब उचलून लंडनबाहेर मिल्टन कीन्स शहरात न्यायची परवानगीच मिळाली. चाहत्यांनी त्याच उन्हाळ्यात एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा नवा क्लब काढला. खेळाडू कुठले? विम्बल्डन कॉमन या सार्वजनिक माळाच्या उघड्या गवतावर निवड चाचणी ठेवली, दोनशेच्या वर पोरं बूट घेऊन हजर. नवव्या पातळीवरच्या लीगमध्येही या टीमला तीनेक हजार लोक यायचे, म्हणजे वर एव्हर्टनला आले तेवढेच. चढत चढत २०११ला फुटबॉल लीग (प्रीमियर लीगच्या खालच्या तीन व्यावसायिक डिव्हिजन), २०२०च्या नोव्हेंबरात परत प्लाव लेनवर, नव्यानं बांधलेल्या मैदानात. आणि नशीब बघा, नव्या मैदानावरचा पहिला सामना कोविडमुळे रिकाम्या स्टँडसमोर खेळावा लागला.