मामाची पाव्होनी सापडली: आधी पॉलिश की आधी बॉयलर?

उदगीरकर
मामा मर्चंट नेव्हीत होते. त्यांनी इटलीहून आणलेलं ला पाव्होनी कंपनीचं युरोपिकोला हे कॉफीचं मशीन उदगीरच्या वाड्यात माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेलं सापडलं. दांड्याचं आहे. दांडा अर्ध्यात अडकायलाय, झाकणाच्या आट्यांवर पांढरा थर बसलाय. कमी-जास्त आचेची बटणं आहेत, वायर मात्र उंदरांनी खाल्लीय. लातूरचा एक पॉलिशवाला म्हणतोय, सगळं बफ मारून नवं क्रोम चढवून देतो. द्यावं का? आणि नवी वायर लावून एकदा चालू करून बघितलं तर चालेल का?

कॉफीवेडी_संभाजीनगर
चालू करू नका! आपल्याकडे एक्स्प्रेसो म्हटलं की लग्नातली फेसाळ दुधाची कॉफी डोळ्यासमोर येते, पण ही वस्तूच वेगळी आहे. हे मशीन १९६१ पासूनचं. तुमचं पहिल्या पिढीतलं दिसतंय. परभणीच्या फिटरकाकांची वाट बघा.

परभणीचा फिटर
उदगीरकर दादा, ताईचं ऐका. प्लग लावू नका आणि पॉलिशलाही देऊ नका.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दांड्याची चार मशीन आजवर जुळवली. पहिलं असंच बफिंगला दिलं होतं. आरशासारखं होऊन आलं खरं, पण कोरलेली अक्षरं पुसली गेली आणि ग्रुपच्या, म्हणजे कॉफी निघते त्या पुढच्या भागाच्या, कडा गोल झाल्या. गेलेला धातू परत येत नाही. ज्याच्या हाताने दांड्याची मूठ झिजली, त्याची ती खूण असते. मामांच्या मुठीला हात लावू देऊ नका. साबणाचं कोमट पाणी, मऊ फडकं, बस.

आता खरं काम. या मशीनमध्ये स्प्रिंग नाही. आधीची मशीन वाफेच्या दीड-दोन बार दाबावर कॉफी काढायची. आकिले गॅजिया या इटालियन माणसाने १९४७ मध्ये मिलानला दांडा-पिस्टनचं पेटंट घेतलं, आणि त्यांच्या हॉटेलातल्या मशीनमध्ये स्प्रिंग पाणी ढकलू लागली. कॉफीवर सोनेरी साय आली ती तेव्हापासून. तुमच्या पाव्होनीत स्प्रिंगच्या जागी तुमचा खांदा आहे. आठ-नऊ बार तुम्हीच द्यायचे. दांडा अडकतोय तो पिस्टनची दोन रबरी सील वाळून दगड झालीत म्हणून. जोर लावू नका, दट्ट्या ज्यात फिरतो त्या नळकांड्याचा आतला भाग ओरबाडला तर सील कितीही नवी घाला, गळणारच. सील काढताना फोटो काढून ठेवा. एकाचं तोंड वर, एकाचं खाली असतं. उलटी बसली की दाब धरत नाहीत. बसवताना खाण्याच्या कामाचं सिलिकॉन ग्रीस लावायचं, गाडीचं नाही.

जुनी करडी गॅस्केटं ॲस्बेस्टॉसची असू शकतात. कोरडी खरवडू नका. पाण्याने भिजवून, मास्क लावून, अख्खी उचला आणि पिशवीत बंद करा.

पाणी तापवायच्या कॉइलची मेगरने, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरने, परीक्षा करा. मीटर चांगला आकडा दाखवेपर्यंत आणि अर्थिंग पक्कं होईपर्यंत बोटसुद्धा लावायचं नाही. आणि बॉयलरचा सेफ्टी वॉल्व्ह गळायला लागला म्हणून डाग देऊन बंद करणारे मी बघितलेत. बॉयलरची एवढीच सुटका आहे, ती बुजवली तर काय होईल ते लिहायला नको. तो उघडा, साफ करा, स्प्रिंग बदला.

आणि पाणी. आपलं बोअरचं पाणी जड, उकळलं की क्षार पितळेला आणि कॉइलला घट्ट चिकटतात. लिंबूसत्त्व किराणात मिळतं. लिटरभर कोमट पाण्यात मोठा चमचा, वीसेक मिनिटं, मग बघायचं. पितळ गुलाबी दिसायला लागलं की थांबा, आता जस्त निघायलंय. पुढे आरओच्या पाण्यात थोडं साधं मिसळून टीडीएस (विरघळलेले क्षार) शंभरच्या आसपास ठेवा. मी तेच वापरतो.

उदगीरकर
काका, तीन आठवड्यांनी लिहितोय. झाकण काढलं तर आतून शेंगेच्या टरफलाएवढ्या जाड खपल्या. लिंबूसत्त्वाचे दोन डाव घेऊन निघाल्या. सील पुण्याहून मागवली, कॉइल मेगरला पास झाली, वॉल्व्ह व्यवस्थित शिट्टी घालतोय. काल पहिली कॉफी काढली. दांडा खाली ओढताना हाताला काहीच लागेना आणि पाणी झपाट्याने आलं. बिघाड आहे का?

परभणीचा फिटर
बिघाड नाही, दळण जाड आहे. चिकमंगळूरची ताजी भाजलेली घ्या आणि रवा-मैद्याच्या मधली दळा. दोन कपांच्या चाळणीत चौदा ग्रॅम, हलक्या हाताने दाबा. एक लक्षात ठेवा, आत दाब असताना दांडा मधेच सोडायचा नाही, तो उलटा उसळून जबड्यावर बसतो. माझा ओठ असाच फुटला होता. धरूनच वर आणायचा, आणि वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकण फिरवायचं नाही.

उदगीरकर
आज दळण बारीक केलं. दांडा मधावर चालल्यासारखा सावकाश उतरला. तपकिरी धार उंदराच्या शेपटीएवढी बारीक. मामांना पहिला कप दिला. ते म्हणाले, "अजून थोडी गरम हवी."