यूएसबी ऑडिओ इंटरफेस : पोर्ट बदलला की सेटिंग्ज जातात, मॉनिटर आवाज पळवतो, माइकची लेव्हल आपोआप उतरते

खर्जाचा_सा :
लॅपटॉपवर विंडोज ११ आहे. दोन इनपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी), त्याला कंडेन्सर माइक. घरी तो डॉकमधून (लॅपटॉपला जादा पोर्ट देणाऱ्या पेटीतून) लागतो, बाहेर रेकॉर्डिंगला थेट लॅपटॉपला. तीन तक्रारी आहेत :

१. फॉरमॅट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) ४४१०० हर्ट्झवर ठेवला तरी जागा बदलली की ४८००० दिसतो. उपकरणाच्या नावाआधी कधी "२-", कधी "३-" लागलेलं असतं.
२. माइकची लेव्हल ९० ठेवली की ऑनलाइन शिकवणी संपेपर्यंत ती ४०-४५ वर आलेली असते.
३. एचडीएमआयचा मॉनिटर झोपेतून उठला की आवाज त्याच्याकडे जातो.

ड्रायव्हर काढून पुन्हा टाकून झाला. विंडोज नव्याने टाकायची तयारी नाही.

निळी_वायर :
विंडोज नव्याने टाकून काही होणारही नाही. हे तीन वेगवेगळे आजार आहेत, एका गोळीने बरे होणारे नाहीत. मी पहिल्याबद्दल लिहितो.

"२-" हीच खूण आहे. विंडोज ध्वनीची सेटिंग्ज उपकरणाच्या नावावर ठेवत नाही. प्रत्येक एंडपॉइंटला (आवाज आत घेणाऱ्या किंवा बाहेर देणाऱ्या टोकाला) एक लांबलचक ओळखक्रमांक देते आणि फॉरमॅट, लेव्हल, दिलेलं नाव असं सगळं रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत) त्या क्रमांकाखाली नोंदवते. यूएसबी उपकरणाने स्वतःचा सीरियल नंबर सांगितला तर कुठल्याही पोर्टला लावा, ओळख तीच राहते. नाही सांगितला तर विंडोज पोर्टच्या जागेवरून ओळख तयार करते. मग पोर्ट बदलला की तिच्या लेखी पाहुणा नवा, खातंही नवं. तुमचं जुनं ४४१०० पुसलं गेलेलं नाही, दुसऱ्या खात्यात पडून आहे. जुन्या पोर्टला लावून बघा, परत दिसेल.

खात्री करायची असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. "साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स"खाली इंटरफेसच्या प्रॉपर्टीजमध्ये "डिटेल्स" टॅबवर जा. इथे बहुतेक जण फसतात. तिथला "डिव्हाइस इन्स्टन्स पाथ" वाचून निष्कर्ष काढू नका, कारण संयुक्त उपकरणाच्या पोटातल्या प्रत्येक भागाला विंडोज स्वतःच क्रमांक देते. यादीतून "पेरेंट" निवडा आणि त्या ओळीत शेवटच्या तिरप्या रेघेनंतरचा तुकडा पाहा. त्याचं दुसरं अक्षर & असेल (६& किंवा ७& अशी सुरुवात) तर क्रमांक विंडोजने बनवलाय, म्हणजे उपकरणाला सीरियल नंबर नाही. सलग अक्षरं-आकडे असतील तर तो उपकरणाचा स्वतःचा, आणि मग कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

सीरियल नसेल तर तो बाहेरून देता येत नाही. तेव्हा दोनच जागा ठरवा : डॉकचा एक पोर्ट आणि लॅपटॉपचा एक पोर्ट. दोन्हीवर रंगीत टेप लावा. मग साफसफाई. डिव्हाइस मॅनेजरमध्ये "व्ह्यू" मेनूतून "शो हिडन डिव्हाइसेस" करा. याच इंटरफेसच्या फिकट दिसणाऱ्या जुन्या नोंदी त्या विभागातून आणि "ऑडिओ इनपुट्स अँड आउटपुट्स"मधून अनइन्स्टॉल करा. ड्रायव्हरही काढायचा का असा चौकोन आला तर त्यात टिक नको. त्यानंतर दोन्ही पोर्टांवर एकेकदा फॉरमॅट लावा आणि "मोअर साउंड सेटिंग्ज"मध्ये उपकरणाच्या प्रॉपर्टीजमधून नावं बदला, "इंटरफेस डॉक", "इंटरफेस थेट" अशी. कुठलं खातं चालू आहे ते नावावरूनच कळेल.

डॉकच बदलला तर हे सगळं पुन्हा करावं लागेल.

अर्धमात्रा :
दुसऱ्या तक्रारीत सेटिंग टिकत नाही असं नाहीच. ते टिकतं, पण कोणीतरी चालू असताना बदलतं. मीटिंगच्या सॉफ्टवेअरमधली आवाज आपोआप सांभाळणारी सोय थेट विंडोजची माइक लेव्हलची पट्टी हलवते. इनपुटच्या प्रॉपर्टीजमधला "लेव्हल्स" टॅब उघडा ठेवून मीटिंगमध्ये जोरात गाऊन बघा. पट्टी हात न लावता खाली सरकताना डोळ्यांनी दिसेल. तारसप्तकात दोन आलाप झाले की ९० ची ६० होते, आणि मीटिंग बंद केल्यावर ती तिथेच राहते.

झूममध्ये ऑडिओ सेटिंग्जमध्ये माइकचा आवाज आपोआप जुळवण्याची टिक काढा. गाणं शिकवत असाल तर "ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स" चालू करा, नाहीतर तानपुऱ्याला गोंगाट समजून ते कापून टाकतं. टीम्समध्येही याच अर्थाचा पर्याय आहे. ब्राउझरमधून मीटिंग घेत असाल तर असा पर्याय सगळीकडे सापडेलच असं नाही.

"एक्स्क्लुझिव्ह मोडची टिक काढा" हा सल्ला जिथे तिथे मिळतो. या आजारावर तो चालत नाही. तो मोड उपकरणाचा पूर्ण ताबा घेण्याबद्दल आहे. पट्टी हलवायला ताबा लागत नाही.

आणखी एक. ९० का ठेवलंय? "लेव्हल्स"मधल्या आकड्यावर उजवी क्लिक करून "डेसिबल्स" निवडा. पट्टी शून्य डेसिबलवर ठेवा आणि खरा गेन (माइकचा आवाज किती वाढवायचा ते) इंटरफेसच्या बटणावर लावा. सर्वात जोरात गाताना मीटर उणे १० च्या आसपास राहावा. बटण हाताने फिरवायचं असेल तर त्याला कुठलंही सॉफ्टवेअर हात लावू शकत नाही.

खर्जाचा_सा :
पेरेंटमध्ये ७& निघालं, म्हणजे सीरियल नाही. टेप लावली. "लेव्हल्स" उघडं ठेवून पट्टी पळताना पाहिली, झूमची टिक काढल्यावर थांबली. मॉनिटरचं काय? आणि कधी कधी सकाळी लॅपटॉप सुरू केला की इंटरफेस डिफॉल्ट नसतो, रीस्टार्ट केलं की असतो.

निळी_वायर :
मॉनिटरला स्पीकर नसतील किंवा वापरत नसाल तर "मोअर साउंड सेटिंग्ज"मधल्या "प्लेबॅक" यादीत त्यावर उजवी क्लिक करून "डिसेबल". ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट झाला की नवी नोंद होऊन तो परत उगवू शकतो, तेव्हा पुन्हा करा. तिथेच इंटरफेसला "डिफॉल्ट डिव्हाइस" आणि "डिफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस" दोन्ही करा. ही दोन पदं वेगळी आहेत. एकच दिलंत तर गाणी एकीकडे आणि मीटिंग दुसरीकडे वाजेल. "कम्युनिकेशन्स" टॅबवर "डू नथिंग" निवडा, नाहीतर कॉल आला की बाकीचा आवाज ८० टक्के उतरतो.

सकाळचा प्रकार "फास्ट स्टार्टअप"चा वाटतो. त्यात शटडाउन पुरतं होत नाही. विंडोजचा गाभा ड्रायव्हरांसकट डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं कोरं सुरू होतं. म्हणूनच शटडाउननंतर बिघडतं आणि रीस्टार्टनंतर चालतं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू", तिथून ती टिक काढा. सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतील. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या "पॉवर मॅनेजमेंट"मधली वीज वाचवण्याची टिकही काढा.

पांढरी_चार :
फॉरमॅटबद्दल एक इशारा. नुसतं ऐकताना ४४१०० आणि ४८००० चा घोळ कळत नाही, विंडोज मधल्या मध्ये रूपांतर करते. रेकॉर्डिंगला कळतो. इंटरफेसचं घड्याळ ४८००० वर चालू असताना सॉफ्टवेअरने फाइलवर ४४१०० लिहिलं, तर ती फाइल हळू आणि खाली वाजते, साधारण दीड अर्धस्वराने. काळी १ चा (हार्मोनियमच्या त्या पट्टीचा) तानपुरा मग पांढरी ७ आणि पांढरी १ च्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो. एसिओ (विंडोजला वगळून इंटरफेसशी थेट बोलणारा ड्रायव्हर) वापरत असाल तर आकडा इंटरफेसच्या स्वतःच्या कंट्रोल पॅनेलमध्ये लावा, मग विंडोजमध्ये तोच ठेवा आणि रेकॉर्डिंगच्या प्रोजेक्टमध्येही तोच. असं झालेली जुनी फाइल टाकून देऊ नका. नमुने तसेच ठेवून फाइलवर लिहिलेला दर फक्त ४८००० केला की सूर जागेवर येतो. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूत "रेट" आहे, ते वापरा, "रीसॅम्पल" नको.

टक्स_वाला :
लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात. पाइपवायरमध्ये (लिनक्समधला आवाज सांभाळणारा प्रोग्राम) यूएसबी कार्डाचं, म्हणजे इंटरफेसचं, नाव कंपनी आणि मॉडेलवरून बनतं, सीरियल असेल तर तोही जोडून. त्यामुळे नुसता पोर्ट बदलला म्हणून सेटिंग जात नाही. अडचण येते ती एकाच मॉडेलची दोन कार्डं लावली की, किंवा कोणी थेट अल्साचा (लिनक्सच्या मूळ ध्वनी-व्यवस्थेचा) कार्ड क्रमांक लिहून ठेवला असेल तर. १ आणि २ हे क्रमांक सुरू होण्याच्या क्रमाप्रमाणे बदलतात, म्हणून क्रमांकाऐवजी कार्डाचं नाव लिहा. डिफॉल्ट अडकून बसलं तर होम फोल्डरमधल्या लपलेल्या "लोकल", त्यातल्या "स्टेट", त्यातल्या "वायरप्लंबर" (पाइपवायरचा सोबती, कुठलं उपकरण वापरायचं ते ठरवणारा) फोल्डरचं नाव बदला आणि वायरप्लंबर पुन्हा सुरू करा. तो कोरी नोंद करतो.