वर्गात तंत्रज्ञान नको वाटणाऱ्या शिक्षकांना ऑनलाइन टूल्सचा खरंच उपयोग आहे का?

विज्ञानवाली
बरेच दिवस मनात होतं, आज लिहितेच. स्टाफरूममध्ये ऑनलाइन टूल म्हटलं की निम्म्यांच्या कपाळाला आठ्या पडतात आणि मी त्यांना दोष देणार नाही, कालपरवापर्यंत मी त्यांच्यातच होते. ट्रेनिंगला एका दिवसात पंधरा अ‍ॅप दाखवतात, पंधरा पासवर्ड, आणि दुसऱ्या दिवशी तासाची पहिली दहा मिनिटं नेट चालू होण्याची वाट बघण्यात जातात. पण माझं आता स्पष्ट मत झालंय, फळ्यावर जे दाखवताच येत नाही तेवढ्यापुरतं एखादं टूल घ्यावं आणि बाकी सगळं खुशाल खडूने करावं.

माझ्यापुरतं ते टूल म्हणजे फेट, पडद्यावर हाताळून बघायची विज्ञानाची सिम्युलेशन्स. कोलोरॅडो विद्यापीठातला प्रकल्प, 2002 मध्ये कार्ल वीमन यांनी सुरू केला, त्यांना आदल्याच वर्षी भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. फुकट आहे, लॉगिन नको, सिम्युलेशन एकदा डाउनलोड करून ठेवलं की नेटशिवाय चालतं. मुलांचा ठाम समज असतो की इलेक्ट्रॉन बॅटरीतून निघतात, तारेतून धावत बल्बपर्यंत पोचतात आणि मग बल्ब लागतो. मी वर्षानुवर्षं फळ्यावर बाण काढत राहिले आणि तो समज माझ्याच बाणांनी पक्का केला. फेटमध्ये स्विच दाबला की तारेतले सगळे निळे ठिपके एकदम सरकायला लागतात, बल्बच्या अलीकडचे आणि पलीकडचेही. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभरात कधी बोलली नव्हती, ती म्हणाली "म्हणजे ते आधीपासून तारेतच होते?" त्या दिवशी मी घरी गेले ती हवेतच.

फळा_खडू
मॅडम, उदाहरण चांगलंय पण मला नाही पटत. खरा सेल आणि खरा बल्ब हातात दिला तर तार सैल राहते, बल्ब लागत नाही, मुलगा खटपट करतो, तार घासतो, सेल उलटा घालून बघतो, त्यातच तो शिकतो. पडद्यावर तार कधी सैल राहतच नाही! आणि एकदा पडदा वर्गात आला की मुलांचे डोळे माझ्याकडे नसतात आणि मला त्यांचे चेहरे दिसत नाहीत. कुणाला कळलं नाही हे मला चेहऱ्यावरूनच कळतं, तीस वर्षांत दुसरं कुठलं साधन मला लागलं नाही. युनेस्कोचा 2023 चा अहवाल शिक्षणातल्या तंत्रज्ञानावरच होता, त्यांनीही बजावलंय की शिक्षकाशी समोरासमोर होणाऱ्या संवादाची जागा यंत्राला देऊ नका.

कोन_त्रिकोण
सर, पडदा कायम चालू ठेवायचाच कशाला? मी जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर वापरतो, साल्झबुर्गच्या मार्कुस होहेनवार्टर यांनी 2001 मध्ये विद्यार्थी असताना सुरू केलेलं. त्रिकोणाचं एक टोक धरून ओढायचं, तीनही कोन बदलतात पण बेरीज तीच. फळ्यावर मी जास्तीत जास्त तीन त्रिकोण काढणार आणि तेही नकळत छान छान, इथे एका मिनिटात पन्नास वेडेवाकडे बघून होतात.

फळा_खडू
आणि मग मुलं म्हणतात सिद्ध झालं! पन्नास काय, पाचशे त्रिकोण बघितले तरी सिद्धता होत नाही. ओढून बघायची सवय लागली की "का" विचारायची भूक मरते, ही माझी खरी भीती आहे.

कोन_त्रिकोण
भीती बरोबर आहे, माझीही तीच होती. पण झालं उलटंच. एका मुलाने पडद्यावरचे तीन कोन वहीत उतरवून बेरीज केली, 180.01 आली. सॉफ्टवेअर दोन दशांश स्थळांपर्यंत आकडे गोल करतं म्हणून. तो उठून म्हणाला, सर हे चुकतंय. अख्ख्या वर्गात वाद, 180 खरं की 180.01 खरं, मोजून तर ठरेना. तेव्हा मी प्रोजेक्टर बंद केला आणि फळ्यावर शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली. सिद्धता कशाला लागते हे त्या दिवशी मला समजावून सांगावंच लागलं नाही.

नवीन_बाई
मला शिकवायला लागून तीनच वर्षं झाली. माझा राग टूलवर नाही, सक्तीवर आहे. आधीच्या शाळेत रोज अ‍ॅप वापरल्याचे फोटो पाठवायला लागायचे, मग मुलांना कळलं का हे बघायचं राहून जायचं आणि फोटो चांगला आला का हे बघितलं जायचं. ते सुटलं आणि आता मी स्वतःहून एकच वापरते, प्लिकर्स. मुलांच्या हातात काही स्क्रीन नाही, फक्त एक छापलेलं कार्ड. त्यावर काळी आकृती आणि चार बाजूंना बारीक अक्षरात ए बी सी डी. जे उत्तर वाटतं ती बाजू वर धरायची, मी माझा फोन वर्गावरून फिरवते आणि कॅमेरा उत्तरं टिपतो. प्रत्येकाची आकृती वेगळी त्यामुळे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. हात वर करा म्हटलं की तेच पाच हात वर येतात हो, इथे सगळ्यांना उत्तर द्यावंच लागतं. आणि छोटी चाचणी म्हणजे नुसती तपासणी नाही, रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात परत परत वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं पण आठवड्याने चाचणी दिलेले पुढे होते.

फळा_खडू
चाचणीचं शंभर टक्के मान्य, मी रोज तासाच्या सुरुवातीला पाच प्रश्न घेतो, कागदावर. त्याला फोन कशाला? आणि मुलांची नावं कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर जातात ते वेगळंच, पालकांना आपण विचारलेलं असतं का? शिवाय ती कहूटसारखी क्विझ, जो लवकर दाबेल त्याला जास्त गुण. सावकाश विचार करणारं मूल त्यात मागेच पडणार, मी अशा मुलांना रडवेलं झालेलं पाहिलंय.

नवीन_बाई
नावं मी टाकतच नाही, फक्त हजेरी क्रमांक, कुणाचा कुठला ते माझ्या वहीत. कहूटबद्दल तुमच्याशी सहमत, वेळ चार मिनिटांपर्यंत वाढवता येते आणि प्रश्नाचे गुण बंदही करता येतात पण बहुतेक जण ते करत नाहीत. कागदाचं म्हणाल तर कागद तपासून होईपर्यंत दुसरा दिवस उजाडतो, मला त्याच मिनिटाला कळतं की अर्धा वर्ग चुकलाय आणि मी तिथेच थांबून परत शिकवते.

विज्ञानवाली
खडू सर, तुमच्या सैल तारेचा मी दोन दिवस विचार करतेय. ह्या वर्षी आधी खरे सेल-बल्ब देणार, मग बल्ब लागताना तारेत काय होत असेल ते प्रत्येकाने वहीत काढायचं, आणि त्यानंतर फेट, दहा मिनिटं, मग पडदा बंद आणि आपापलं चित्र दुरुस्त करायचं. तुम्हाला काय वाटतं?

फळा_खडू
चित्र आधी आणि पडदा नंतर, ह्या क्रमाला माझी हरकत नाही. डाउनलोड कसं करायचं ते सांगा, मी आधी घरी बसून स्वतः बघेन. प्लिकर्सला मात्र माझा विरोध कायम, माझे पाच प्रश्न कागदावरच राहतील.