मदत हवी आहे: जुनी सीएनसी मिलिंग मशीन सिंगल फेजवर चालवायची आहे

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीतून जुनी सीएनसी (संगणकाच्या नियंत्रणावर धातू कापणारी) मिलिंग मशीन घेतली आहे. सांगलीत विश्रामबागला घरामागच्या शेडमध्ये बसवतोय, पण तिथे सिंगल फेजच आहे आणि थ्री फेजचा खर्च सध्या झेपणारा नाही.

स्पिंडल मोटर (कटर फिरवणारी) थ्री फेज, २.२ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, स्टार जोडणीची. टर्मिनल बॉक्स उघडून पाहिला, सहाही टोकं बाहेर काढलेली आहेत. म्हणजे टर्मिनलवरच्या पट्ट्या बदलून डेल्टा (कमी व्होल्टेजची जोडणी) केलं की सिंगल फेज इनपुटच्या २३० व्होल्ट व्हीएफडीवर (सिंगल फेज घेऊन मोटरला थ्री फेज देणारा ड्राइव्ह) मोटर चालेल. इथवर ठीक.

अडलंय ते सर्व्होंपाशी, म्हणजे मशीनचे अक्ष हलवणाऱ्या मोटरींपाशी. त्यांच्या ड्राइव्हना ४१५ चे २०० व्होल्ट करणाऱ्या थ्री फेज ट्रान्सफॉर्मरमधून सप्लाय आहे. तो काढून ड्राइव्हना सिंगल फेज २०० व्होल्ट दिले तर फेज गेल्याचा अलार्म येईल का? लोडवर डीसी बसचा (ड्राइव्हमधल्या डीसी पुरवठ्याचा) व्होल्टेज ढासळेल का? की सरळ रोटरी फेज कन्व्हर्टर (सिंगल फेजवरून थ्री फेज तयार करणारं फिरतं यंत्र) लावून आतल्या वायरिंगला हातच लावू नये?

स्लाइडवर स्क्रेपिंगच्या (पृष्ठभाग हाताने खरवडून सपाट केल्याच्या) खुणा अजून स्पष्ट दिसतात, एवढी ती जपलेली आहे. असली मशीन भंगारात जाऊ द्यायची नाही. सांगली-मिरज भागात कुणी हे काम केलं असेल तर कृपया सांगा, मशीन बघायला येणार असाल तर फारच बरं.