फर्मेंटरमधील वरच्या आणि तळाच्या बिअरची तुलना कशी करावी?

प्रश्न
नमस्कार. मी ओरेगनमध्ये राहतो आणि दर दीड-दोन महिन्यांनी घरी २० लिटर पेल एल (फिकट रंगाची बिअर) करतो. परवा एकाच बॅचमधील पहिली आणि शेवटची बाटली शेजारी ठेवून चाखली. पहिलीला संत्र्याच्या सालीसारखा हॉप्सचा (बिअरला वास आणि कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) स्वच्छ वास होता, तर शेवटची गढूळ होती, तिला ओल्या कणकेसारखा वास येत होता आणि तिचा कडवटपणा जिभेवर बराच वेळ रेंगाळला. फर्मेंटर (बिअर आंबवण्याचे भांडे) दोन आठवडे न हलवता ठेवल्यावर अल्कोहोल वर आणि जड भाग खाली, असे थर पडतात का? पडत असतील, तर ते तपासावे कसे?

उत्तर १
अल्कोहोलचे थर पडत नाहीत. ते पाण्यात पूर्ण मिसळते आणि नुसते ठेवून वेगळे होत नाही. शिवाय आंबताना वर येणारे कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सगळा द्रव ढवळत असतात. तळाशी बसते ते यीस्ट, प्रथिने आणि हॉप्सचा चोथा. कणकेचा वास यीस्टचाच असावा.

मात्र एक गोष्ट आवर्जून पाहावी. नळ तळाशी असेल, तर पहिली बाटली खालच्या बिअरने भरते आणि पातळी उतरत जाऊन शेवटच्या बाटलीत मुख्यतः वरची बिअर येते. फक्त ती येताना गाळ सोबत ओढून आणते. म्हणजे जिला आपण तळाची बाटली समजत आहात, ती बहुधा वरचीच आहे.

उत्तर २
सहमत आहे. त्यातच शेवटच्या बाटल्या भरेपर्यंत बिअरला हवा अधिक लागते आणि गॅससाठीची साखर नीट मिसळली नसेल, तर बाटलीगणिक गॅस बदलतो. म्हणून साखर घालण्यापूर्वीच नमुने घ्यावेत. निर्जंतुक केलेल्या लांब काचनळीचे वरचे तोंड अंगठ्याने दाबून ती हव्या त्या खोलीपर्यंत उतरवावी, अंगठा उचलून नळी भरू द्यावी आणि पुन्हा दाबून बाहेर काढावी. आधी वरचा नमुना घ्यावा, म्हणजे गाळ हलत नाही.

चाखणाऱ्याला तीन पेले द्यावेत, दोन सारखे आणि एक वेगळा, आणि वेगळा ओळखायला सांगावा. पेले अपारदर्शकच हवेत, कारण गढूळपणा डोळ्यांना लगेच दिसतो. नुसत्या अंदाजानेही १२ पैकी सरासरी ४ जण बरोबर ठरतात. किमान ८ जणांनी ओळखला, तरच फरक खरा मानावा. माझ्याकडे ५ जणांनी ओळखला होता.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. माझा नळ तळापासून चार सेंटिमीटरवरच आहे, त्यामुळे माझा मूळ समज उलटा होता. चालू बॅचचे वरचे आणि गाळाच्या लगत वरचे असे दोन नमुने घेतले. गॅस घालवून २० अंश सेल्सिअसला हायड्रोमीटरने (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाने) दोन्हींत सारखीच घनता, १.०११, दाखवली. खालचा नमुना झाकून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवला आणि वरची निवळ हलकेच ओतून घेतली, तेव्हा कणकेचा वास जवळजवळ गेला होता. येत्या शनिवारी १२ जणांना चाखायला बोलावले आहे.